हायड्रॉलिक क्लचची हवा काढूनही पेडल मऊच लागतं, रिव्हर्स खर्र करून पडतो. घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) नवा बसवला, पेडल दाबून-सोडून दोनदा हवा काढली, तरी पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जातं आणि चार-पाच वेळा पंप केल्यावरच गिअर पडतो. पंप केल्यावर फरक पडतोय, म्हणजे आत हवा असण्याचीच शक्यता जास्त. तरी आधी एक तपासणी करा. पंप करून पेडल कडक झालं की तसंच दाबून धरा. पायाखाली ते हळूहळू बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल ज्याला दाबतं त्या वरच्या सिलिंडरचं) आतलं सील गेलंय. मग कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे हवा काढली, तरी उपयोग नाही, मास्टर किंवा त्याचं सील किटच बदलावं लागेल.

नेहमीच्या पद्धतीने क्लचची हवा का निघत नाही, ते आधी लक्षात घ्या. मास्टर वर, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर असतो आणि स्लेव्ह खाली, गिअरबॉक्सला. पेडल एकदा दाबलं की जेमतेम काही मिलिलिटर ऑइल सरकतं. तेवढ्यात बुडबुडा पाइपमध्ये थोडा खाली येतो आणि पुढचा दाब येईपर्यंत पुन्हा वर चढतो. पाइपला मध्येच उंच वळण असेल तर तिथे तो ठाण मांडूनच बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्लचची हवा खालून वर ढकलावी.

त्यासाठी ५० ते ६० मिलीची सिरिंज, निपलवर (स्लेव्हवरच्या, हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी (माशांच्या टाकीच्या हवेच्या पंपाची बहुतेक ठिकाणी बसते), निपलच्या मापाचा रिंग पाना आणि ब्रेक ऑइलची नवी सीलबंद बाटली घ्या. ऑइल डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) ते गाडीतल्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. अर्धा लिटर पुरून उरतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे गेल्या वर्षीची उघडी बाटली नको. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नको, त्याने सगळी रबरं फुगतात.

टाकीतलं थोडं ऑइल आधी उपसून घ्या, नाहीतर खालून ढकललेलं वरून सांडेल. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी टाकीच्या बाजूला, बरीच वर जोडलेली असते. क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहावं, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे उपसताना पातळी त्या नळीच्या तोंडाखाली जाऊ देऊ नका. टाकी अर्धी भरलेली दिसते म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसाचा क्लच इथेच पुन्हा हवा ओढतो.

सिरिंज भरा, नळीच्या टोकातून ऑइल येईपर्यंत दाबा आणि नळीत एकही बुडबुडा नाही याची खात्री करून ती निपलवर चढवा. जोडावर केबल टाय आवळा. निपल अर्धा फेरा सैल करून अगदी सावकाश दाबा. साधारण १० मिलीला १० ते १५ सेकंद लागू द्या. जोर केला तर नळी निसटते आणि ऑइल तोंडावर उडतं, म्हणून चष्मा हवाच. या वेळी पेडलला कोणी हात-पाय लावू नये. ते पूर्ण वर असेल तरच मास्टरमधून टाकीकडे जाणारं भोक उघडं राहतं. कोणीतरी टाकीवर नजर ठेवावी, बुडबुडे तिथे वर येताना दिसतात. सिरिंजमध्ये १० मिली उरलं की निपल बंद करा. पेडल हलक्या हाताने पाच-सहा वेळा चालवा आणि पुन्हा एकदा हेच करा.

शेवटी दोन-तीन वेळा पेडलची पद्धत वापरून निपलजवळची हवा काढून टाका: पेडल दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. पेडल तळाशी राहिलं तर हाताने वर ओढा. निपल उघडा असताना पेडल वर आलं तर निपलच्या आट्यांतून हवा आत जाते. व्हॅक्यूम पंप लावणाऱ्यांना जे न संपणारे बारीक बुडबुडे दिसतात, तेही बहुतेकदा याच आट्यांतून येतात.

तुमचा स्लेव्ह बाहेरून बोल्टवर असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. पाइप न काढता तो सोडवा, निपलचं टोक वर येईल असा धरा आणि त्याचा दांडा हाताने हळूहळू पूर्ण आत दाबा. आत अडकलेली हवा टाकीत निघून जाते. स्लेव्ह मोकळा असताना पेडल मात्र अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर उडेल. गिअरबॉक्सच्या आतल्या, शाफ्टभोवती बसणाऱ्या स्लेव्हला हे करता येत नाही. तिथे पेडल धडाधड पंप करणंही टाळा. सील फाटलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एवढं करूनही पेडल मऊच असेल तर तीन ठिकाणं बघा. स्लेव्हचं रबरी बूट (दांड्यावरचं आवरण) सरकवून आत ओल आहे का पाहा. मास्टरचा दांडा जिथे केबिनमध्ये येतो तिथे, पेडलच्या वर, बोट फिरवा. मग कोणाला तरी पेडल दाबायला सांगून रबरी नळीवर हात ठेवा. जुनी नळी दाबाने फुगत असेल तर हवा नसतानाही पेडल स्पंजसारखं लागतं. पेडलला सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल आहे का, तेही तपासा. दांडा ताठ लावलेला असेल तर मास्टरचं भोक झाकलेलंच राहतं आणि खालून ढकललेल्या ऑइलला वर जायला वाटच मिळत नाही.

चाचणी अशी: गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर. पेडल एकदाच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला की टाकी कमाल खुणेपर्यंत भरा. आणि सांडलेलं ऑइल रंगावरून लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं फडक्याने पुसलं तर ते पसरतं आणि तिथला रंग सोलून निघतो.