जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस घरच्या घरी बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा २००९ चा असेंबल्ड पीसी आहे, कोअर टू ड्युओवाला, बटण दाबलं की पंखा सेकंदभर फिरतो नि थांबतो, दुकानदार म्हणाला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) गेला, तर तो घरी बदलता येईल का. येईल, नक्की येईल. मी पण इंदूरचाच, रामबागेतला. आमच्या बाबांचाही असाच जुना पीसी आहे, त्यावर ते मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका लावायचे आणि ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून अजून सांभाळून ठेवलाय, त्यामुळे "आता नवीनच घ्या" असं मी तरी सांगणार नाही.

पण आधी खात्री करा. पंखा फिरून लगेच थांबतो म्हणजे बरेचदा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडतोय. प्लग काढून हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड असेल तर ते, सगळ्यांच्या वायरी सोडवा, फक्त मदरबोर्ड आणि एक रॅम ठेवून बटण दाबून बघा. चालू राहिला तर दोष सोडवलेल्यांपैकी एकात आहे. आणि टॉर्च घेऊन मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे ते छोटे डब्यासारखे कपॅसिटर नीट बघा, त्या काळातल्या बोर्डांचे खूप फुगायचे, डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा चिकट तपकिरी काही आलेलं दिसलं तर नवा एसएमपीएस लावून फार उपयोग नाही, आधी ते बदलून घ्या.

एसएमपीएस एकटाच तपासायचा तर तो बोर्डापासून पूर्ण सोडवायचा, मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर एका तारेने जोडायची (हे प्लग काढलेला असताना करा, मग स्विच चालू करा), लोड म्हणून एखादी जुनी हार्डडिस्क लावून ठेवायची. पंखा फिरला म्हणून ठीक आहे असं समजू नका हं. मल्टिमीटरने पिवळी-काळी मध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल-काळी मध्ये ४.७५ ते ५.२५ यायला हवेत. याच्या बाहेर गेलं तर गेलाच तो. आणि डबा उघडून आत दुरुस्ती करायला अजिबात जाऊ नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

आता विकत घेणं. खरी चूक इथेच होते, बदलण्यात नाही. मी पहिल्यांदा सातशे रुपयांचा लोकल आणला, वर ठळक ४५० वॅट, आठ महिन्यांत बंद. मग स्टिकरवरचा तक्ता नीट वाचला तर १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १४, फक्त १६८ वॅट! आजकालच काय, तुमच्या पीसीतही प्रोसेसर १२ व्होल्टच्या लाइनवरच चालतो, म्हणून वरचा आकडा सोडा, हा गुणाकार करा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर तुमचा अख्खा पीसी दीडशे वॅटच्या आतच खाईल, त्यामुळे ६०० वॅटचा घ्यायची काही गरज नाही, खरा ४०० किंवा ४५० चा भरपूर झाला. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जा आणि सरळ सांगा, "भिया, बिल के साथ वारंटीवाला दिखाना." जुना सोबत घेऊन जा म्हणजे आकार आणि वायरींची लांबी जुळवता येते. हार्डडिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलची असेल तर तिला मोलेक्स नावाचा चार पिनचा पॉवर कनेक्टर लागतो, नव्यात तो एखादाच असतो, मोजून घ्या. (असेंबल्ड आहे म्हणून एवढं सोपं, ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये कधी ६, कधी ८, कधी १४ पिनचा वेगळाच कनेक्टर असतो आणि साधा एसएमपीएस बसतच नाही.)

बदलताना प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जातो. मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा, हे विसरू नकाच. २४ पिनच्या कनेक्टरची क्लिप दाबून हलवत हलवत ओढा, इतक्या वर्षांनी प्लास्टिक कडक झालेलं असतं. मागचे चार स्क्रू काढताना खालून हाताचा आधार द्या नाहीतर तो जड डबा सरळ प्रोसेसरच्या पंख्यावर पडतो. नवा बसवल्यावर प्रोसेसरजवळचा चार पिनचा छोटा कनेक्टर लावायचा राहून जातो, माझा राहिला होता, पंखे फिरायचे पण डिस्प्ले नाही आणि मी रात्रभर समजत होतो की बोर्ड जळाला. नव्यात तो चार-अधिक-चार असा येतो, त्यातला अर्धाच लावायचा. ग्राफिक्स कार्डचा आठ पिनचा तसाच दिसतो, तो तिथे जोर लावून घुसवू नका.

अर्थिंग पण बघून घ्या. आमच्या जुन्या घरात भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थच नव्हता, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, ते एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे होतं, नवा लावूनही जात नाही, इलेक्ट्रिशियनकडून तिसरी वायर नीट करून घ्या.

चालू झाला की तारीख चुकीची दिसेल तर घाबरू नका, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला. आणि त्याच दिवशी बाबांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, पण नुसत्या फाइली नाही, त्यांनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत फॉन्ट्सचं फोल्डर आहे तेही घ्या. ते फॉन्ट नसले तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं मराठी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतं.