आइस हॉकीच्या रिंकमधलं बार-रेस्टॉरंट चालवायला घ्यावं का?

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात राहणाऱ्या तुमच्या मावसभावाला एका आइस हॉकी रिंकच्या आतलं बार-रेस्टॉरंट चालवायला मिळतंय, त्यात तुम्ही भागीदारीचे पैसे घालावेत अशी त्याची इच्छा आहे, आणि "गिऱ्हाईक आयतंच आहे, जाहिरातही लागत नाही" असं तो म्हणतो. यात तथ्य किती, हा तुमचा प्रश्न. मी आणि माझा दीर टोरांटोच्या पश्चिमेला अशीच एक जागा चालवतो, म्हणून लिहिते.

गिऱ्हाईक आयतं असतं हे खरं आहे. पण ते बर्फासाठी आलेलं असतं, आणि बर्फाचं वेळापत्रक अरेनावाले, म्हणजे रिंकची इमारत चालवणारे, ठरवतात. मावसभाऊ तुम्हाला जागेचे फोटो दाखवेल, टेबलं किती, टीव्ही किती ते सांगेल. तुम्ही त्याच्याकडे आधी गेल्या जानेवारीचं बर्फाचं वेळापत्रक मागा. या धंद्याचा जमाखर्च त्या कागदावरच कळतो.

ते वाचायचं कसं, ते सांगते. रिंक इथे तासाच्या हिशेबाने भाड्याने जातं. साधारण 50 मिनिटं खेळ, आणि उरलेल्या 10 मिनिटांत झांबोनी फिरते. झांबोनी म्हणजे बर्फ वरवर खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर देणारी गाडी. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने 1949 मध्ये ती बनवली, तीही लॉस एंजेलिसजवळ, जिथे बर्फ सरबताच्या पेल्यातच दिसायचा. तर या 50 आणि 10 मुळे गिऱ्हाईक एकेक करून येत नाही, लोंढ्याने येतं. दोन संघांची पोरं, त्यांचे आईबाप, कंटाळलेली धाकटी भावंडं, एखादे आजोबा, सगळे एकदम काउंटरवर. वीस मिनिटांनी बघावं तर लॉबीत फक्त प्लॅस्टिकच्या छोट्या स्टिकने चेंडू बडवणारी चार कार्टी उरलेली असतात. (ही मिनी-स्टिक हॉकी तुमच्या दारातच चालणार. तक्रार करू नका, त्यांच्यामुळेच आईबाप आणखी अर्धा तास बसतात.)

एका रिंकला इथे पॅड म्हणतात. एकाच पॅडच्या अरेनात मी तरी रेस्टॉरंट घेणार नाही. तिथे कॉफी, हॉट चॉकलेट आणि फ्राइजची खिडकी चालेल, बसून खायची जागा नाही चालणार. चार पॅड असले की गणित जमायला लागतं, आणि तेही चारही पॅडवरचे सामने एकाच ठोक्याला सुटत नसतील तरच. आमच्याकडे ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे फ्रायरवरच्या पोराला मान वर करता येते. चारही एकदम सुटणार असतील तर तेवढ्याच गिऱ्हाइकासाठी जवळजवळ दुप्पट माणसं उभी करावी लागतील. मधल्या चाळीस मिनिटांत त्यांनी करायचं काय?

सकाळचा धंदा विसरा. शनिवारी पहाटे सहाला लहान पोरांचा सराव असतो, आईबाप डोळे चोळत येतात, पण येतानाच हातात टिम हॉर्टन्सचा कप असतो. ती साखळीच मुळात 1964 मध्ये हॅमिल्टनला एका हॉकीपटूने सुरू केलेली, तिच्याशी कॉफीवर भांडण्यात अर्थ नाही. अंड्याचं सँडविच ठेवा, तेवढं खपतं.

संध्याकाळचं गिऱ्हाईक बरं असतं. काचेपलीकडे पोरगं खेळतंय आणि अलीकडे ऊब आहे, यासाठी लोक आत येऊन बसतात. इथे एक गोष्ट मावसभावाने स्वतः जाऊन बघायला हवी, ती म्हणजे काच. बर्फाचा पृष्ठभाग साधारण उणे पाच अंशांवर ठेवलेला असतो, रिंकमधली हवाही गार, आणि तुमच्या बाजूला फ्रायर, सूप, पन्नास माणसांचा श्वास. काच एकेरी असेल, तिच्यावर कोरडी हवा सोडायची सोय नसेल, तर गर्दीच्याच वेळी ती धुरकट होते. खेळ दिसेनासा झाला की बाप उठून थंड बाकांवर जाऊन बसतो, आणि त्याची दुसरी बिअर गेली. तीच गत दाराची. स्वयंपाकघराची वाफ रिंककडे गेली तर बर्फावर दंव धरतं, मग बर्फ सांभाळणारा माणूस तुमच्या दारात येऊन जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फ्रायरवरची वाफ-धूर ओढणारा हूड किती हवा ओढतो आणि त्याच्या बदल्यात बाहेरून ताजी हवा आत येते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. बदली हवा येत नसेल तर तो हूड रिंकमधलीच थंड हवा तुमच्या जेवणाच्या टेबलांवरून ओढणार.

खरा पैसा रात्री साडेदहानंतर आहे. त्या वेळी बिअर लीग चालते, म्हणजे मोठ्यांची हौशी हॉकी. प्लंबर, शिक्षक, आयटीवाले, नुकताच बाप झालेला एखादा, साठीकडे झुकलेला एखादा. लहान मुलांच्या संघांना सोयीच्या वेळा मिळतात, यांच्या वाट्याला उरलेल्या रात्रीच्या येतात. पावणेबाराला सामना संपतो, आंघोळ करून ओल्या केसांनी बारा-सव्वाबाराला वर येतात, आणि एकदम बिअरचे तीन पिचर (मोठे जग), चार प्लेट विंग्ज, एक मोठी नाचोज. खेळ कसा झाला ते चेहऱ्यावरून कळत नाही, हरलेला संघ जास्त वेळ बसतो एवढंच. दर आठवड्याला तेच लोक, तेच टेबल. यांच्याशी संबंध जपायचे तर दोनच गोष्टी: बिल तेरा जणांत वाटून देताना कुरकुर करायची नाही, आणि स्वयंपाकघर त्यांच्या आधी बंद करायचं नाही. फ्रायर साडेअकराला बंद केलात तर तो संघ पुढच्या वेळी रस्त्यापलीकडच्या पबमध्ये जाईल आणि तिथलाच होईल.

यांचा एक उपद्व्यापही आहे. हॉकीच्या बॅगेत चोवीस डबे सहज मावतात, आणि ड्रेसिंग रूममध्ये बिअर पिण्याची परंपरा तुमच्या-माझ्यापेक्षा जुनी आहे. ते डबे घेऊन कोणी तुमच्या हद्दीत आला तर प्रश्न तुमच्या लायसन्सचा होतो. आम्ही बॅगा आणि स्टिका दाराबाहेरच्या रॅकवर ठेवायला लावतो. सांगायला कारण वासाचं असतं, आणि ते खोटंही नाही.

आता लायसन्स. जागा चालवायला घेतली म्हणून दारूचं लायसन्स आपोआप तुमच्या नावावर होत नाही, त्यासाठी अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन ऑफ ऑन्टारियोकडे जावं लागतं. इथे सगळे त्याला एजीसीओ म्हणतात. सध्याचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि त्यात नेमकी कुठली जागा येते, हे नकाशासकट बघा. फक्त रेस्टॉरंट येत असेल आणि प्रेक्षकांचे बाक येत नसतील, तर ग्लास हातात घेऊन बाकांकडे निघालेला प्रत्येक बाप ही तुमची डोकेदुखी. दारू सकाळी 9 ते रात्री 2 पर्यंतच द्यायची, आणि त्यानंतर पाऊण तासात टेबलावरचे ग्लास-बाटल्या उचलायच्या. वय 19 पूर्ण हवं. शेजारच्या क्वेबेकमध्ये 18 चालतं, त्यामुळे तिकडून टूर्नामेंटला आलेल्या तरुण संघांशी दर वर्षी तोच वाद. दारू देणाऱ्या प्रत्येकाकडे स्मार्ट सर्व्हचं, म्हणजे दारू जबाबदारीने देण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि जागा सुरू असेपर्यंत अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक माणूस हजर लागतो.

भारतातून पैसे घालणाऱ्यांच्या लक्षात सहसा न येणारी जबाबदारी वेगळीच आहे. गिऱ्हाइकाला जास्त झाली, तो बाहेर पडला आणि काही घडलं, तर इथे बारवर दावा लागतो. ऑन्टारियोतल्याच एका हॉटेलने झिंगलेल्या गिऱ्हाइकाला रात्री बाहेर काढलं, तो हायवेच्या कडेने चालत निघाला आणि गाडीखाली आला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये हॉटेललाही जबाबदार धरलं. जॉर्डन हाउस विरुद्ध मेनो हा खटला दारूच्या धंद्यातला माणूस कधी ना कधी ऐकतोच. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे गाडी घेऊन आलेले असतात, आणि रात्री दीडला अरेनाच्या पार्किंगमध्ये बस नसते. त्यामुळे दारूच्या जबाबदारीचा वेगळा विमा हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. त्याचा हप्ता मावसभावाच्या कागदात आहे का ते बघा.

पगाराचंही तसंच. पूर्वी दारू वाढणाऱ्यांसाठी वेगळा, कमी किमान पगार असायचा, टीपच्या भरवशावर. 1 जानेवारी 2022 पासून तो रद्द झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये ऑन्टारियोतला किमान पगार तासाला 17.20 डॉलर झाला. कोणी जुने हिशेब दाखवून "माणसांवर एवढाच खर्च येतो" म्हणत असेल तर ते हिशेब कोणत्या वर्षाचे आहेत ते विचारा.

मेन्यूवर फार डोकं चालवू नका. विंग्ज, बर्गर, चिकन फिंगर्स, आणि पुटीन, म्हणजे फ्राइजवर चीज कर्ड आणि गरम ग्रेव्ही, मूळ क्वेबेकचं. थंडीत तासभर बसलेल्या माणसाला तळलेलं आणि गरम हवं असतं. आमच्या भागात पंजाबी कुटुंबं खूप आहेत, आणि त्यांचं हॉकीवेड नवीन नाही. हॉकीचं पंजाबी समालोचनच 2008 मध्ये सुरू झालं. त्यामुळे समोसा आणि बटर चिकन पुटीन दोन्ही आमच्याकडे खपतात, आणि विंग्ज हलाल आहेत का हा प्रश्न रोजचा. मराठी पदार्थ कोणी मागत नाही, आणि मीही हट्ट धरलेला नाही. सासूबाई नाशिकला "मुलांचं हॉटेल आहे" एवढंच सांगतात, बार हा शब्द आजवर त्यांच्या तोंडून निघालेला नाही.

टूर्नामेंटचे शनिवार-रविवार मात्र वेगळेच. लहान मुलांच्या एका संघात 15 खेळाडू आणि 2 गोलकीपर, प्रत्येकामागे दोन-तीन नातेवाईक, आणि दोन सामन्यांच्या मध्ये तीन तासांची पोकळी. त्या पोकळीत त्यांनी तुमच्याकडे बसावं म्हणून आम्ही संघाच्या व्यवस्थापकाला आदल्या आठवड्यातच कागद पाठवतो: वेळ सांगा, सगळ्यांसाठी एकच ठरावीक जेवण, पैसे आधी. हे केलं नाही तर ते पार्किंगमध्ये वीस पिझ्झा मागवतात आणि तुमच्याच टेबलांवर बसून खातात. बाहेरचं खाणं आत आणण्याबद्दल करारात काय लिहिलंय, आणि लिहिलं असेल तर थांबवणार कोण, तुम्ही की अरेनाचा माणूस, हे आधी स्पष्ट करून घ्या. लॉबीतल्या चिप्स आणि कोल्ड्रिंकच्या यंत्रांचे पैसे कोणाला जातात, हेही.

एक गोष्ट धंद्याची नाही, पण विचाराच. बहुतेक रिंकचा बर्फ अमोनियाच्या यंत्रणेवर गोठवतात. ऑक्टोबर 2017 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावच्या अरेनात अमोनियाची गळती होऊन तीन माणसं गेली. अलार्म वाजला तर तुमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा रस्ता कुठला, आणि तो यंत्राच्या खोलीसमोरून तर जात नाही ना? झांबोनी प्रोपेनवर चालणारी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा मापक कुठे लावलाय? तिथला व्यवस्थापक याची उत्तरं चटकन देत नसेल तर जागा कितीही स्वस्त असो, मी घेणार नाही.

तर पैसे घालावेत का? चार पॅड, मोठ्यांच्या लीगच्या आठवड्यातून निदान चार रात्री, आणि भाडं ठरावीक न ठेवता विक्रीच्या टक्क्यांवर, हे तिन्ही असेल तर विचार करण्यासारखं आहे. दोनच असेल तर मावसभावाला घासाघीस करायला लावा. आणि करार एप्रिलपासून सुरू होत असेल तर तो सप्टेंबरवर ढकलायला सांगा. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या पॅडवरचा बर्फच काढून टाकतात, आणि ते चार-पाच महिने तुमचे पैसे फक्त भाडं, विमा आणि रिकाम्या फ्रीजच्या विजेत जातील. अरेनावाला याला तयार नसेल तर निदान त्या महिन्यांचं भाडं निम्मं करून मागा. आम्हाला ते दुसऱ्या करारात मिळालं.