ग्रुपबरोबर लांबच्या सायकल टूरवर एक दिवस कसा जातो? मी हळू चालवतो, मला जमेल का?

हळू चालवण्याची काळजी सोडा. ग्रुपला त्रास हळू माणसाचा होत नाही, झटके देणाऱ्याचा होतो. म्हणजे मधेच ताशी वीस किलोमीटरवरून तीसला जाणारा आणि दमला की पेडल मारणंच सोडून देणारा, त्याच्यामुळे मागच्या सगळ्यांना ब्रेक, परत जोर, परत ब्रेक, आणि सगळ्यात शेवटचा तर रबरासारखा ताणला जातो. एका लयीत चालवणारा सगळ्यांना हवा असतो.

आता दिवसाबद्दल. वसंतात सकाळी चांगलंच गार असतं, ब्रेकवर बोटं आखडतात आणि दहा-साडेदहाला तेच जॅकेट नकोसं होतं, त्यामुळे एक जाड घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर घाला, वरचं विंडचीटर मागच्या खिशात कोंबता येईल असं. पहिला पाऊण तास सगळ्यांनाच वाटतं आज आपण उडतोय, आणि जो तिथे उडतो तो दुपारी गप्प असतो. जोरात चालवलं तर शरीरातलं ग्लायकोजेन (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) दीड-दोन तासात संपत येतं, म्हणून भूक लागायची वाट न बघता सुरुवातीपासूनच दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब (पिष्ट किंवा साखर) जायला हवेत, भूक लागल्यावर खाल्लं तर ते पायात उतरेपर्यंत तुम्ही मागे पडलेले असता.

सकाळचा हा मधला वेळ मला सगळ्यात आवडतो. रस्ता रिकामा, दोन्हीकडे शेतं, कुठे झाडं नुसती फुलांनी भरलेली, आणि वेग अठरा-वीसचा म्हणजे पक्ष्यांचा आवाजही ऐकू येतो आणि बाजूच्याशी बोलताही येतं. सायकलवर दोघंही समोर बघत बोलतात ना, म्हणून की काय माणसं कधी न बोललेलं बोलून जातात. (गॉगल मात्र घालाच, या दिवसात किडे आणि परागकण थेट डोळ्यात जातात.)

मग दुपार. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वरखाली घुसळते आणि वरचा जोराचा वारा खाली उतरतो, म्हणून सकाळी शांत असलेला रस्ता दोनच्या सुमाराला अंगावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. ग्रुपचा खरा फायदा इथे कळतो, पुढच्याच्या मागे नीट राहिलात तर बरीच ताकद वाचते आणि पुढे राहायची पाळी आलटूनपालटून घेतली की कोणी एकटा संपत नाही. तुमची पाळी आली की वेग वाढवू नका, आहे तोच ठेवा, ही चूक नवीन माणसं हमखास करतात कारण सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने ओलांडून पुढे जाता कामा नये. तो जरा जरी सरकला तर चाकं घासतात आणि पडतो तो मागचा. खड्डा दिसला की हाताने दाखवा, थांबायचं असेल तर आधी ओरडा.

चढावर ग्रुप विखुरतो, त्यात काही नाही, प्रत्येकाने आपल्या गिअरने चढायचं आणि वर भेटायचं. फक्त वर थांबलेल्यांनी शेवटचा पोचल्यापोचल्या निघू नये, नाहीतर ज्याला सगळ्यात जास्त विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. उताराआधी जॅकेट परत चढवा, घामेजलं अंग वाऱ्याने फार पटकन गार पडतं.

वेळ कुठे जातो विचाराल तर थांबण्यात. विसाच्या वेगाने 100 किलोमीटरचे पाच तास होतात, पण पंक्चर, पाणी, फोटो, कोणाचं तरी राहिलेलं काहीतरी, असं करत आठ तास आरामात जातात. दहा-बारा जणांत पाच मिनिटांचा ब्रेक पाच मिनिटांत संपलेला मी तरी पाहिला नाही.

जायच्या आधी आयोजकाला विचारा की सगळ्यात मागे कोणी स्वीप, म्हणजे शेवटच्या माणसाबरोबर राहणारा, असतो का, नसेल तर तुमच्यासारख्याने दुसरा ग्रुप बघावा. आणि घरी असताना लागोपाठ दोन दिवस साठ-सत्तर किलोमीटर करून बघा, पॅडवाली शॉर्ट घालून आणि तिच्या आत काही न घालता. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत असेल तर बिनधास्त नाव द्या.