‘डायनॅमिक लिंकिंग’, ‘डायनॅमिक डिस्पॅच’ आणि मराठीतली ‘जोडणी’

प्रश्न असा आहे की, प्रोग्रॅमिंग भाषांच्या रनटाइममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत, मेथड कॉलचे (मेथड म्हणजे ऑब्जेक्टचे एखादे काम करणारा कोड, आणि कॉल म्हणजे तो चालवण्याची सूचना) जे डायनॅमिक लिंकिंग होते, त्याला ‘गतिमान जोडणी’ म्हणावे का, आणि ‘डायनॅमिक डिस्पॅच’साठीही, म्हणजे समोरच्या ऑब्जेक्टनुसार दर कॉलला कोड निवडण्यासाठीही, तोच शब्द चालेल का. माझ्या मते ‘जोडणी’ हा शब्द अगदी योग्य आहे, ‘गतिमान’ हे विशेषण टाळावे आणि डिस्पॅचसाठी मात्र वेगळाच शब्द वापरावा.

‘गतिमान’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात वेग येतो. ‘गतिमान प्रशासन’ म्हणजे झटपट कामे उरकणारे प्रशासन. इथे वेगाचा काहीच संबंध नाही, उलट शोधाशोध करावी लागत असल्यामुळे पहिला कॉल संथच असतो. सांगायचे असते ते एवढेच की, कोणत्या कॉलमुळे कोणता कोड चालायचा हे प्रोग्रॅम कंपाइल होताना (चालवण्याआधी यंत्राच्या भाषेत उतरवला जाताना) नव्हे, तर तो चालू असताना ठरते. हा अर्थ ‘आयत्या वेळची जोडणी’ या शब्दांत नेमका उतरतो. ‘आयत्या वेळी’ म्हणजे घाईघाईने, असा आक्षेप कोणी घेईल; पण सभेच्या विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यात ढिसाळपणाचा ठपका नसतो. आधी न ठरलेले आणि प्रत्यक्ष वेळी समोर आलेले, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

आता ‘जोडणी’ आणि डिस्पॅच यांतला फरक पाहू. नळजोडणी एकदा होते, पाणी मात्र रोज येते; लिंकिंगचेही तसेच आहे. जावा भाषेतले प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या आभासी यंत्रात २०११ साली, म्हणजे जावा ७ मध्ये, ‘इन्व्होकडायनॅमिक’ ही आज्ञा आली. तोपर्यंत कॉल कसा जोडायचा याचे नियम यंत्रानेच ठरवलेले असत. या आज्ञेमुळे ते नियम भाषा घडवणाऱ्याला स्वतः लिहिता येऊ लागले, आणि याच यंत्रावर चालणाऱ्या जेरूबीसारख्या (रूबी भाषेचे या यंत्रावरचे रूप) भाषांना त्याचा मोठा उपयोग झाला. पुढे जावालाही तीच सोय उपयोगी पडली: जावा ८ मधले लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शने) आणि जावा ९ पासून स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, एकापुढे एक लावण्याचे काम याच आज्ञेवर चालते. ‘नाव + गाव’ अशी साधी ओळ घ्या. ती पहिल्यांदा चालते, तेव्हा यंत्र ‘बूटस्ट्रॅप मेथड’ला, म्हणजे जोडणीचे नियम लिहिलेल्या मेथडला, कॉल करते, त्या मेथडकडून ‘कॉल साइट’ नावाचा ऑब्जेक्ट मिळतो, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडकडे नेणारा ‘मेथड हँडल’ त्यात असतो. त्यानंतर ती ओळ हजार वेळा चालली, तरी बूटस्ट्रॅप मेथडची गरज पडत नाही, कारण जोडणी झालेली असते.

डिस्पॅच हे प्रत्येक कॉलला होते. ‘आकृती.क्षेत्रफळ()’ या कॉलची जोडणी आधीच झालेली असली, तरी या खेपेला समोर वर्तुळ आहे की चौकोन, हे पाहूनच कोड निवडावा लागतो. म्हणून डिस्पॅचला मी ‘निवड’ म्हणेन. कार्यालयीन मराठीतला ‘रवानगी’ हा शब्द हाताशी आहे, आणि स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेत ऑब्जेक्टला निरोप पाठवण्याचीच कल्पना असल्यामुळे तिथे तो शोभूनही दिसेल. पण त्यातून निवडीचा मुद्दा निसटतो.

या दोन शब्दांची सरमिसळ होते, तिलाही कारण आहे. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी १९८४ साली स्मॉलटॉक-८० साठी अशी युक्ती मांडली की, कॉलच्या जागीच मागच्या वेळच्या ऑब्जेक्टचा क्लास (म्हणजे प्रकार) आणि त्यासाठी सापडलेली मेथड लिहून ठेवायची. पुढच्या वेळी तोच क्लास आला तर थेट त्या मेथडवर जायचे, दुसरा आला तर पुन्हा शोध घेऊन नोंद बदलायची. पुढे १९९१ साली सेल्फ भाषेच्या कामात होल्झ्ले, चेंबर्स आणि उंगर यांनी एकाच जागी अनेक क्लासांच्या नोंदी ठेवण्याची सोय केली. इथे दरवेळच्या निवडीचे रूपांतर टिकाऊ, पण पडताळणीच्या अटीवर टिकणाऱ्या जोडणीत होते, आणि अट मोडली की ‘पुनर्जोडणी’ करावी लागते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर ही कल्पना मराठीत मांडताच येणार नाही, आणि वेगळ्या शब्दांचा माझा आग्रह मुख्यतः त्यासाठीच आहे.

‘कॉल’ला ‘आवाहन’ वगैरे म्हणण्याची गरज नाही. ‘मेथड कॉल करणे’ सर्वांच्या तोंडी रुळलेले आहे. मात्र ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला सामायिक लायब्ररी जोडते, त्यालाही डायनॅमिक लिंकिंगच म्हणतात. त्यामुळे लेखात पहिल्या उल्लेखाला ‘मेथड कॉलची आयत्या वेळची जोडणी’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते ‘जोडणी’ म्हणावे.