इंटरकूलरचा पंप : लिटरच्या आकड्याला भुलू नका

टर्बो गाडीला पाण्याचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) बसवतोय. एका पंपावर मिनिटाला २० लिटर लिहिलंय, दुसऱ्यावर ५५. मोठाच घेऊ ना?

खोक्यावरचा आकडा बहुधा पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. विहिरीवरची मोटर घेताना शेतकरी आधी हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवेल ते, विचारतो, तसंच इथेही विचारा. इंटरकूलर, पुढचा रेडिएटर, होज, एल्बो या सगळ्यांतून ढकलताना पाणी किती येतं, ते कंपनीच्या दाब-प्रवाह आलेखावरून कळतं. आलेखच नसेल तर मी तो पंप घेणार नाही.

आता गरज बघू. साधारण २०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला सुमारे ०.१६ किलो हवा घेतं. ती ८० अंशांनी थंड करायची तर १३ किलोवॉटच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. मिनिटाला १५ लिटर पाणी फिरलं तर इंटरकूलरमधून बाहेर पडेपर्यंत ते १२ अंशांनी तापतं. ३० लिटर फिरलं तर ६ अंशांनी. प्रवाह दुप्पट करून पाण्याचं सरासरी तापमान जेमतेम ३ अंश उतरलं! त्यापुढचे पैसे रेडिएटरवर घाला. ३९० अश्वशक्तीच्या २००३ च्या फोर्ड मस्टँग कोब्रा गाडीचा इंटरकूलर बॉशच्या एका लहान पंपावर चालत होता.

मेकॅनिकने पंपाला हेडलाइटच्या वायरवरून सप्लाय दिलाय. चालेल का?

नाही, लवकर बदलून घ्या. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज, तिथून रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) ३० नंबरची पिन, मग ८७ वरून पंप. ८६ ला इग्निशनची वायर, ८५ ला अर्थ (बॅटरीची मायनस बाजू). वायर जाड हवी. ८ अँपिअरचा पंप आणि ४ मीटर अंतर असेल तर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, अर्थही तितकाच लांब नेला तर दुप्पट. २.५ च्या वायरीत पाव व्होल्टही जात नाही. साध्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर घसरतो, आणि वेग १० टक्के कमी झाला की दाब १९ टक्के कमी होतो. महागडा पंप इथेच वाया जातो, म्हणून कळकळीने सांगतो : पंप चालू ठेवून त्याच्याच टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर आधी वायर आणि अर्थ बघा.

पंपाचा आवाज येतो, पण टाकीत पाणी हलत नाही.

पंपाने हवा धरलीय. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत. पंप सर्वांत खाली, टाकी सर्वांत वर ठेवा आणि हवा निघेपर्यंत भरत राहा. कोरडा चालवू नका, सील जातं. प्लस-मायनस उलट नाहीत ना, तेही पाहा.

इंजिनाचंच कूलंट इंटरकूलरला दिलं तर?

नको. ते ९० अंशांच्या आसपास असतं. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगनच्या १.० टीएसआय इंजिनातही इंटरकूलरसाठी कमी तापमानाचं वेगळं सर्किट आणि वेगळा विजेचा पंप आहे. गाडी बंद केल्यावरही तो थोडा वेळ चालू राहतो; टर्बो थंड करण्यासाठी ती सोय केलेली आहे, बिघाड समजून वायर काढू नका.