गाडीचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश झिजलेत. घरी बदलता येतील का?

लिंक रॉड, म्हणजे अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा बार) सस्पेंशनशी जोडणारा छोटा रॉड, बिनधास्त बदला. दोनच नट असतात, पण बहुतेकदा गंजून बसलेले. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट सोडवताना नटाच्या आतली आट्यांची दांडी सोबत गरगरायला लागली, तर तिच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून धरा. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, नाहीतर अँटी-रोल बार पिळलेला राहतो आणि नवा रॉड भोकात बसत नाही. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, खाली शिरायचं नाही.

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा भाग, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. सुटे बुश बसवायला प्रेस (दाबून बसवणारं यंत्र) लागतो, त्यामुळे बुशसकट अख्खा आर्मच आणलेला बरा. इथे बरेच जण चाक लोंबकळत असतानाच बुशचा बोल्ट आवळून टाकतात. रबर त्याच स्थितीत जखडतं, गाडी खाली आली की पिळलं जातं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी सैलसर लावा, चाकांवर वजन आल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आवळा. मग चाकांची अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.

शॉकअपवरची स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतू शकतं. ते काम गॅरेजवाल्याचंच.