आधी फोटो हलके कर

ब्लॉगचं रंगरूप नंतर बघ, आधी फोटो. भरितासाठी वांगी भाजतानाचे सहा फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे चढवलेस, तर एकेक ३-४ एमबीचा भरतो. रावेरच्या मळ्यात रेंज जेमतेम असताना कोण थांबेल? रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट (वेबसाठीचा, फोटो हलका करणारा फाइल-प्रकार), क्वालिटी ७५ ठेव. बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, प्रत्येकाची रुंदी-उंची लिही, नाहीतर फोटो उतरताच वाचत असलेली ओळ खाली उडी मारते. लेझी लोडिंग, म्हणजे वाचक जवळ आल्यावरच फोटो उतरवणं, फक्त खालच्या फोटोंना; पहिल्याला लावलंस तर नेमका तोच उशिरा दिसतो.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच हवं. वाढवलं की शिरोरेघ तुटते, आणि इंग्रजीसाठी बनवलेल्या थीम (ब्लॉगचे तयार साचे) शीर्षकांना ते गुपचूप लावतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.७ पट धर, म्हणजे उकार-वेलांट्या एकमेकांत अडकत नाहीत. पानाला भाषेचा कोड ‘एमआर’ (mr) दे, अहिराणी ओव्यांना ‘एएचआर’ (ahr).

लेखाचा पत्ता (लिंक) मात्र रोमन अक्षरांत ठेव. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, आणि असली लांबलचक लिंक उघडायला लोक बिचकतात. एकदा दिलेला पत्ता बदलू नको. बदललाच तर ३०१ रीडायरेक्ट लाव, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जातो.